फुलापाशी थांबा, श्वासापाशी थांबा

कोविड वॉर्डातल्या ड्युटीनंतर माझी झोप उडाली होती. डोळे मिटले की खाटा दिसायच्या. डॉक्टरांचे उपचार घेतले. त्याच काळात सकाळची वंदना आटोपून विहारातून परतताना वाटेवरच्या रानफुलांचे मोबाइलवर जवळून फोटो काढू लागले. उपचारांना या सवयीचीही साथ झाली.

“फोटो काढणे पैसेवाल्यांचे काम,” असे वस्तीतल्या भगिनी म्हणतात. तसे नाही.

सांगोला म्हटले की दुष्काळ आणि डाळिंब आठवते. पण इथल्या माळावर तरवड, रुई, एकदांडीही फुलते. एकदांडीचे नखाएवढे फूल जवळून पाहा. ते एक फूल नसून अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. डाळिंबाची काही फुले घंटेसारखी असतात, ती गळतात. कळशीसारखे फुगीर बूड असलेल्या फुलांना फळ धरते. बागेत राबणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना हे ठाऊक असते. फोटो दाखवून त्यांनी ते मुलांना शिकवावे.

खर्च किती? हातातला मोबाइल पुरतो. कॅमेऱ्याची काच मऊ कापडाने पुसा. फार जवळ गेल्यावर फूल धूसर दिसत असेल, तर थोडे मागे सरा आणि झूम करा. घड्याळ दुरुस्तीचे भिंग कॅमेऱ्यासमोर धरले तरी बारीक तपशील दिसतो. क्लिपची मॅक्रो लेन्स काही शे रुपयांत मिळते. वारा सुटण्याआधीची सकाळ उत्तम. ऊन कडक असेल तर फुलावर पांढऱ्या गॉझची सावली धरा आणि सावलीच्या बाजूला कोरा कागद उभा करा.

हात थरथरला की फोटो हलतो. म्हणून कोपर बरगड्यांना टेकवा. श्वास घ्या, सावकाश सोडा आणि सोडून झाल्यावर बटण दाबा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी मंदावते. आनापानसतीत आपण श्वासावर लक्ष ठेवतो, तसेच इथेही ठेवायचे. तेवढा वेळ मनातली चक्रे थांबतात.

काही पथ्ये मात्र पाळा. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर नजरेला इजा होते. लगेच स्वच्छ पाण्याने डोळे पंधरा मिनिटे धुवा आणि दवाखाना गाठा. गाजरगवतापासून लांब राहा. त्याने अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढू शकतो. नुकतीच फवारणी झालेल्या बागेत जाऊ नका. पायांत बूट घाला. गुडघे टेकण्याआधी साप-विंचू नाही ना, हे पाहा. फूल तोडू नका.

हा छंद म्हणजे औषध नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप येत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीत बोलता येते. यात कमीपणा नाही. मी स्वतः नर्स असून मदत मागितली.

आज टिपलेले फूल उद्या कोमेजलेले असते. वंदनेत फूल वाहताना आपण याच अनित्यतेचे स्मरण करतो. वॉर्डात गेलेली माणसे मला आजही आठवतात. पण आता त्या आठवणीबरोबर झोपही लागते.

जयभीम.