लेकीच्या हाती चांदीची गदा

आपल्या भोर-वेल्ह्याकडे चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. दुपार कलली की पुरुषमंडळी कुस्त्यांच्या फडाकडे निघतात आणि आपण मात्र पाहुण्यांच्या स्वैपाकात! हलगीचा आवाज तेवढा चुलीपर्यंत येतो. पण मैत्रिणींनो, त्या फडाची गोष्ट आता आपल्या उंबऱ्याच्या आत आली आहे, बरं का!

'महाराष्ट्र केसरी' हे नाव कुणाला ठाऊक नाही? शेजारच्या मुळशीचे मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली राज्याची कुस्तीगीर परिषद उभी राहिली. १९६१ साली तेव्हाच्या औरंगाबादला पहिला किताब दिनकर दह्यारी यांनी मिळवला. माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हींकडचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात आणि जिंकणाऱ्याच्या खांद्यावर चांदीची गदा येते. नरसिंग यादवने २०११ पासून आणि विजय चौधरीने २०१४ पासून सलग तीन-तीनदा ती पटकावली. २०२५ साली ती मुळशीच्याच पृथ्वीराज मोहोळने आणली.

आणि बायकांचं काय? त्यांच्यासाठी पहिली 'महिला महाराष्ट्र केसरी' भरली ती मार्च २०२३ मध्ये, सांगलीला. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा जिंकली. म्हणजे मुलग्यांनंतर तब्बल बासष्ट वर्षांनी!

अंगात बळ नव्हतं म्हणून का हा उशीर? छे! १९५४ साली बडोद्याला हमीदा बानूने बाबा पहिलवानाला दोन मिनिटांच्या आत चीत केलं होतं. ऑलिम्पिकमध्ये बायकांची कुस्ती आली २००४ साली, आणि २०१६ ला साक्षी मलिकने ब्राँझपदक आणलं. बळ होतं, आखाडा नव्हता.

माझ्या शिकवणीतली सातवीतली एक मुलगी तालमीत जायचं म्हणून हट्ट धरून बसली आहे. तिची आई मला म्हणाली, "बाई, कान मोडलेली पोर उद्या करून कोण घेईल?" हसण्यावारी न्यावा असा हा प्रश्न नाही. पण कान मार बसून, रगडून सुजतो आणि वेळेवर इलाज झाला नाही तर तसाच राहतो. सरावाला कानाचं संरक्षक कवच घालता येतं, आणि सूज दिसली की लगेच डॉक्टर गाठावा. कानासाठी पोरीचा खेळ थांबवायला नको.

पाहायचं ते वेगळंच. शिकवायला बाई आहेत का, कपडे बदलायला आडोसा आहे का, परगावी स्पर्धेला सोबत कोण जाणार, हे तोंडावर विचारावं. त्यात संकोच कसला? खुराक म्हणजे शेरभर बदामच असं नाही. दूध, अंडी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, उसळी हे सगळं आपल्या आवाक्यातलं आहे. पाळी सुरू झालेल्या मुलीचं रक्त तपासून घ्यावं. वजन उतरवायला पाणी तोडायला कुणी सांगितलं, तर साफ नकार द्यावा. सरावाचे कपडे रोजच्या रोज धुवावेत, नाही तर गजकर्ण ठरलेलं.

आणि यंदाच्या जत्रेत स्वैपाक जरा लवकर आटपा. आपल्या लेकी उतरणार असतील, तर फड बघायला आपणही जायला हवं, नाही का?