दार बंद झालं ते कधी?

सकाळी ९. पतियाळा हाऊस कोर्टाला निघण्याआधी फाइल पुन्हा चाळते. परदेशात नोंदलेलं विमान, केबिन कर्मचाऱ्याला मारहाण, आरोपी भारतात. त्या देशाने परराष्ट्र मंत्रालयामार्फत त्याची मागणी केली आहे. दंडाधिकाऱ्यांनी पाहायचं ते एवढंच, की सकृद्दर्शनी पुरावा आहे का. खटला त्या देशात. आरोपीचा भाऊ मात्र दर तारखेला विचारतो, "मॅडम, निकाल आज ना?"

१०.३०. ज्युनिअर म्हणतो, "मॅडम, विमान तर धावपट्टीवरही पोचलं नव्हतं." शंका रास्त आहे. १९६३ चा टोकियो करार गुन्ह्यांसाठी उड्डाण मोजतो ते टेक-ऑफसाठी इंजिनांची ताकद लावल्यापासून; १९७० चा हेग आणि १९७१ चा माँट्रियल करार बाहेरची सगळी दारं बंद झाल्यापासून. म्हणून सगळं केबिन-प्रमुखाच्या नोंदीवर अडलंय. दार बंद झाल्याची वेळ तिथे पेनाने खोडून चार मिनिटं अलीकडे आणलीय. खाडाखोडीवर सही नाही! एवढी जाडजूड फाइल, आणि सही नेमकी तिथेच नाही.

१२. बचावाचे वकील उठतात : "थप्पड मारली, साहेब. विमानाला कसला धोका?" मुद्दा वजनदार आहे. माँट्रियल लागू व्हायला विमानाची सुरक्षितता धोक्यात येण्याचा संभव असावा लागतो. नुसती हाणामारी टोकियोखाली जाते आणि त्या करारात प्रत्यार्पणाचं बंधनच नाही. मी साक्षीदाराचा जबाब वाचून दाखवते : विमान मागे ढकललं जात होतं, आरोपी इमर्जन्सी दाराच्या खटक्याला लोंबकळला होता, आणि मार पडला तो अडवणाऱ्या कर्मचाऱ्याला. साहेब मान न हलवता लिहून घेतात.

२. डबा.

३. युक्तिवादासाठी जुनी प्रकरणं काढते. १९८१ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं विमान लाहोरला पळवून नेलं, तेव्हा पाकिस्तानने अपहरणकर्त्यांवर तिथेच खटला चालवून जन्मठेप दिली. १९८४ मध्ये दुबईत उतरवलेल्या विमानाचे अपहरणकर्ते अमिरातीने भारताच्या हवाली केले; दोन्ही देशांत तेव्हा प्रत्यार्पण करारही नव्हता. हेगचा नियम सोपवा किंवा स्वतः खटल्यासाठी पाठवा असा आहे. निवड कशी होते, ते पुष्कळदा राजकारण ठरवतं, असं माझं मत.

५. तारीख पडली. मूळ नोंदवही आणि खाडाखोडीचा प्रमाणित खुलासा मागवायचा आहे. दंडाधिकाऱ्यांनी होकार दिला तरी आरोपीला सोपवायचं की नाही हे केंद्र सरकार ठरवतं. सोपवलं नाही, तर प्रत्यार्पण कायद्याच्या कलम ३४-अ खाली खटला भारतातच चालवता येतो.