गोलकीपरची जागा एकच असते: श्रीजेशनं ती मिळवली कशी, टिकवली कशी आणि सोडली कधी?

५ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिम्पिक, भारत विरुद्ध जर्मनी, ब्राँझ मेडलची मॅच. एका टप्प्यावर १-३ असा मागे पडलेला भारत आता ५-४ असा पुढे होता. घड्याळात फक्त ६.८ सेकंद उरले होते आणि नेमका तेव्हाच जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला.

आपल्याकडे सकाळची वेळ होती. एरवी हॉकी न बघणारेही त्या दिवशी टीव्हीसमोर बसले होते. लुकास विंडफेडरनं फटका मारला, हेल्मेटमागच्या माणसानं तो अडवला आणि मॅच संपली. १९८० च्या मॉस्कोनंतर तब्बल ४१ वर्षांनी भारताला हॉकीत ऑलिम्पिक मेडल मिळालं. पुढच्या काही मिनिटांत तो गोलकीपर चक्क गोलपोस्टवर चढून बसला. तो फोटो तुमच्याही मोबाईलवर आला असेल. सगळं आयुष्य या गोलपोस्टपाशीच गेलं म्हणून तिथं जाऊन बसलो, असं कारण त्यानं नंतर सांगितलं.

त्याचं नाव पी. आर. श्रीजेश. त्या दिवसानंतर सगळीकडे त्याला 'भिंत' म्हणायला लागले. पण त्याच्या करिअरमधली पहिली बरीच वर्षं या भिंतीला संघात कायमची जागाच नव्हती. याचं कारण समजून घ्यायचं तर आधी गोलकीपरची नोकरी काय असते ते बघावं लागेल.

हॉकीत मैदानावर ११ जण असतात. फॉरवर्ड चांगला असेल आणि त्याच्या जागी दुसरा कुणी खेळत असेल, तरी कोच त्याला दहा मिनिटांसाठी आत पाठवतो. हॉकीत सतत बदली चालू असते, एकाच मॅचमध्ये एकच खेळाडू पाच-सहा वेळा आत-बाहेर होतो. गोलकीपरचं तसं नसतं. तो एकदा उभा राहिला की शक्यतो पूर्ण मॅच तोच असतो. दुसरा गोलकीपर बेंचवर. आणि ऑलिम्पिकमध्ये तर संघच १६ जणांचा असतो, त्यामुळे अनेक देश एकच गोलकीपर नेतात. म्हणजे देशात तुम्ही दुसऱ्या नंबरचे असाल तरी ऑलिम्पिक घरी बसून किंवा राखीव म्हणून स्टँडमध्ये बसून बघायचं.

ग्रेस मार्कांसाठी धरलेली हॉकी

श्रीजेश केरळचा. एर्नाकुलम जिल्ह्यातलं किळक्कम्बलम हे त्याचं गाव, घर शेतकऱ्याचं. केरळ म्हणजे फुटबॉल, ॲथलेटिक्स, व्हॉलीबॉल. हॉकी तिथं फारशी कुणी खेळत नव्हतं. बाराव्या वर्षी तो तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा स्पोर्ट्स स्कूलमध्ये गेला तेव्हा त्याच्याही डोक्यात हॉकी नव्हती. आधी धावणं, मग लांब उडी, मग व्हॉलीबॉल असं करत करत तो हॉकीकडे आला. खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत ग्रेस मार्क मिळायचे, हाही हिशेब त्यात होता, हे त्यानंच मोकळेपणानं सांगितलंय. गोलकीपर हो, असं कोच जयकुमार यांनी सुचवलं. पळायला कमी लागेल म्हणून त्यालाही ते पटलं.

पळणं वाचलं, पण खर्च वाढला. बाकीच्यांना एक स्टिक पुरते. गोलकीपरला हेल्मेट, छातीचं गार्ड, हाताचे जाड पॅड, पायाचे पॅड आणि बुटांवर चढवायचे किकर्स, असं सगळं लागतं. ते घेण्यासाठी वडिलांनी घरची गाय विकली. ही गोष्ट श्रीजेशनं नंतर अनेक मुलाखतींत सांगितली. गाय असणारं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग ज्युनियर संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. तिथं पंजाब, हरियाणा, ओडिशाची पोरं. याला हिंदी येत नव्हतं. आता विचार करा, ज्याचं अर्धं काम ओरडण्याचं आहे त्याला संघाची भाषाच येत नाही. कारण गोलकीपरला अख्खं मैदान समोर दिसतं. डावीकडून कोण आत शिरतोय, कोण मोकळा राहिलाय, कुणी मागे यायचं, हे बचाव फळीला तोच सांगतो. टीव्हीवर आपल्याला फक्त त्यानं अडवलेले बॉल दिसतात. त्याच्या ओरडण्यामुळे जे शॉट मारलेच गेले नाहीत, त्यांचा हिशेब कुठेच लागत नाही.

२००६ मध्ये कोलंबोच्या साऊथ एशियन गेम्समध्ये तो सीनियर संघाकडून पहिल्यांदा खेळला. पण तेव्हा पुढे मुंबईचा एड्रियन डिसूझा होता, भरत छेत्री होता, बलजित सिंग होता. जागा एक आणि रांग मोठी.

यातल्या बलजित सिंगचं पुढं जे झालं त्याचा आज कुणी फारसा उल्लेख करत नाही. जुलै २००९ मध्ये पुण्यात राष्ट्रीय शिबिर चालू होतं. हालचाल चपळ व्हावी म्हणून गोलकीपरना गोल्फच्या बॉलवर सराव दिला जात होता. हॉकीच्या बॉलपेक्षा तो लहान. त्यातला एक बॉल बलजितच्या उजव्या डोळ्याला लागला. त्या डोळ्याची दृष्टी गेली आणि करिअर तिथंच थांबलं. श्रीजेश १८ वर्षं खेळला हे वाचताना ही दुसरी बाजूही माहीत असलेली बरी.

अर्ध्या सेकंदाचा खेळ

हॉकीचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास क्रिकेटच्या बॉलएवढाच जड. गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. पेनल्टी कॉर्नरला गोललाईनमागे गोलकीपर धरून फक्त पाच जण असतात, बाकीचे मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे. बॉल 'डी'च्या टोकाशी, साधारण १४-१५ मीटरवर थांबवला जातो आणि तिथून ड्रॅगफ्लिक बसतो. चांगल्या फ्लिकरचा बॉल ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. साधं गणित केलं तर गोलकीपरच्या हातात अर्धा सेकंद उरतो. त्यात समोरून स्वतःचेच खेळाडू धावत गेलेले असतात, त्यामुळे बॉल दिसेलच याची खात्री नाही.

म्हणूनच चांगले गोलकीपर उशिरा तयार होतात. कुठला फ्लिकर कुठल्या कोपऱ्यात मारतो, खांदा कसा वळतो, हे वर्षानुवर्षं बघून कळतं. श्रीजेशची वाट बघण्याची वर्षं वाया गेली नाहीत ती या अर्थानं. अर्थात हे आज म्हणणं सोपं आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारत सगळ्या मॅच हरून १२ पैकी १२ वा आला, त्या संघातही तो होता.

त्याआधी एक झलक दिसली होती. २०११ मध्ये चीनमधल्या ओर्डोस इथं पहिली एशियन चॅम्पियन्स ट्रॉफी झाली. फायनलला समोर पाकिस्तान. मॅच पेनल्टी स्ट्रोकवर गेली आणि श्रीजेशनं दोन स्ट्रोक अडवले. पण जागा खऱ्या अर्थानं पक्की झाली ती २०१४ मध्ये, इंचिऑनच्या एशियन गेम्सला. पुन्हा फायनल, पुन्हा पाकिस्तान, १-१ अशी बरोबरी. यावेळी मात्र शूटआऊट होता.

स्ट्रोक आणि शूटआऊट यात फरक आहे. स्ट्रोकमध्ये बॉल ६.४ मीटरवर ठेवलेला असतो, गोलकीपर रेषेवर, एक फटका आणि निकाल. शूटआऊटमध्ये खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून बॉल घेऊन निघतो. त्याला आठ सेकंद मिळतात. गोलकीपर पुढे येऊ शकतो, अंगावर जाऊ शकतो, त्याला बाजूला ढकलत वेळ खाऊ शकतो. इथं बॉल अडवण्याइतकंच समोरच्याला निर्णय घ्यायला उशीर करायला लावणं महत्त्वाचं असतं. श्रीजेश यात पटाईत. त्यानं त्या दिवशी पाकिस्तानचे दोन प्रयत्न फोल ठरवले, भारत ४-२ नं जिंकला. १६ वर्षांनी एशियन गेम्सचं गोल्ड आलं आणि रिओ ऑलिम्पिकचं तिकीटही. दोन वर्षांनी तो कॅप्टन झाला. रिओत भारत क्वार्टर फायनलला बेल्जियमकडून हरला.

मग गुडघा गेला. २०१७ च्या अझलन शाह कपमध्ये लिगामेंटची दुखापत, सर्जरी आणि कित्येक महिने बाहेर. आणि इथं तीच जुनी गोष्ट उलटी फिरली. ज्या एका जागेसाठी तो वर्षानुवर्षं थांबला होता, ती आता दुसऱ्यांना मिळाली. यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा हे दोघे त्या वर्षी ढाक्यात एशिया कप जिंकणाऱ्या संघात होते. डिसेंबरमध्ये भुवनेश्वरला वर्ल्ड लीग फायनल्सच्या क्वार्टर फायनलमध्ये चिकटेनं बेल्जियमविरुद्ध शूटआऊट जिंकून दिला. लोक श्रीजेशशिवायही संघ चालतो असं म्हणायला लागले होते, आणि ते खोटंही नव्हतं. त्याला २०१८ मध्ये परत येऊन सगळं पुन्हा सिद्ध करावं लागलं. टोकियोतले ते ६.८ सेकंद या सगळ्यानंतरचे आहेत.

टोकियोनंतर खेलरत्न आला. जागतिक हॉकी संघटनेनं त्याला तीन वेळा सर्वोत्तम गोलकीपर ठरवलं. त्याच्या आधी ऑलिम्पिक मेडल जिंकणारा केरळचा एकच खेळाडू होता, मॅन्युएल फ्रेडरिक. तोही हॉकीचा गोलकीपरच. १९७२ च्या म्युनिकमधलं ब्राँझ त्याच्याकडे होतं आणि सरकारचा ध्यानचंद पुरस्कार त्याला मिळाला २०१९ मध्ये, म्हणजे ४७ वर्षांनी.

पॅरिसच्या आधी सांगून टाकलं

जुलै २०२४ मध्ये श्रीजेशनं जाहीर केलं की पॅरिस ही शेवटची स्पर्धा. ४ ऑगस्टला ग्रेट ब्रिटनविरुद्ध क्वार्टर फायनल. १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं आणि उरलेली मॅच भारत दहा जणांनी खेळला. रोहिदास पेनल्टी कॉर्नरला पुढे धावून जाणारा, म्हणजे श्रीजेशच्या पुढची पहिली ढाल. तीच गेली. तरी १-१ वर मॅच रोखली गेली. शूटआऊट ४-२. ब्रिटनचा एक शॉट बाहेर गेला, एक श्रीजेशनं अडवला. ब्रिटनच्या गोलकीपरनं शूटआऊटच्या वेळी टॅब्लेट वापरला अशी तक्रार हॉकी इंडियानं नंतर केली होती, यावरून आता हा खेळ किती अभ्यासाचा झालाय ते कळतं.

सेमी फायनल जर्मनीनं ३-२ अशी घेतली. ८ ऑगस्टला स्पेनविरुद्ध २-१, पुन्हा ब्राँझ, आणि तो पुन्हा गोलपोस्टवर. सहा दिवसांनी हॉकी इंडियानं १६ नंबरची त्याची जर्सी निवृत्त केली, सीनियर संघात ती आता कुणाला मिळणार नाही.

टोकियो आणि पॅरिस, दोन्ही वेळा राखीव गोलकीपर कृष्ण बहादूर पाठक होता. भारताकडून २०१८ पासून खेळत असलेला, तयार, पण पुढे श्रीजेश. सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीरला भारतानं कोरियाला ४-१ नं हरवून एशिया कप जिंकला, तेव्हा संघात गोलकीपर होते पाठक आणि करकेरा. दोघांनीही रांगेत बरीच वर्षं काढलेली.

आणि श्रीजेश? त्याला ज्युनियर संघाचं कोच केलं गेलं. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या पोरांनी ज्युनियर वर्ल्ड कपमध्ये ब्राँझ मिळवलं. त्यातली क्वार्टर फायनल बेल्जियमविरुद्ध होती, २-२ अशी अडकलेली. निकाल शूटआऊटवर गेला. गोलमध्ये प्रिन्सदीप सिंग उभा होता आणि श्रीजेशला बाहेरून फक्त बघायचं होतं. भारत जिंकला.