आरशातून उभी राहिलेली महानगरी

फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या जर्मन मूकपटातल्या टोलेजंग इमारती बहुतांशी छोट्या प्रतिकृतीच होत्या. तंत्रज्ञ ऑयगेन श्युफ्टान यांनी कॅमेऱ्यासमोर तिरका आरसा लावला आणि त्याचा थोडा पारा खरवडून काढला. उरलेल्या आरशात प्रतिकृतीचं प्रतिबिंब, मोकळ्या काचेतून दूरवर उभे असलेले खरे नट; दोन्ही एकाच चौकटीत! संगणक नसतानाची ही करामत आजही थक्क करते. चित्रपटातल्या यंत्रमानवाचा कडक पोशाख मात्र नायिका ब्रिगिट हेल्मच्या अंगाला काचत असे. पुराच्या दृश्यासाठी तर बर्लिनच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांना गार पाण्यात उतरवलं. लांग कलावंतांच्या बाबतीत निर्दयच होता. प्रदर्शनानंतर चित्रपटातून कापलेला बराचसा भाग २००८ मध्ये ब्यूनोस आयरेसमध्ये सापडला.