शार्क म्हणजे माशांचं 'जुनं व्हर्जन' आहे का?



माझी आजी मालवणची. मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो की एकदा तरी मोरीचं मटण व्हायचंच. मी काट्यांना घाबरायचो, तेव्हा ती म्हणायची, "खा रे, मोरीक काटे नसतत." मोरी (मुंबई-रायगडकडे मुशी) म्हणजे लहान शार्क, हे मला थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कळलं!

तेव्हा मी एक सोपा निष्कर्ष काढला होता. शार्कला हाडं नाहीत, म्हणजे हे माशांचं जुनं व्हर्जन असणार. आधी कूर्चा, मग अपडेट येऊन हाडं. तुम्हालाही असंच वाटत असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे.

हाडं नाहीत, मग आहे काय?

कूर्चा म्हणजे आपल्या कानाच्या पाळीच्या वर जो लवचीक भाग असतो, तो पदार्थ. शार्कचा सगळा सांगाडा याचाच बनलेला असतो. पण तो लिबलिबीत नसतो. कूर्चेवर कॅल्शियमयुक्त खनिजाच्या बारीक फरश्यांचा थर असतो. त्यामुळे सांगाडा मजबूत, तरी हाडापेक्षा हलका राहतो.

वजन कमी असणं इथे फार महत्त्वाचं आहे. बहुतेक हाडवाल्या माशांना तरंगायला पोटात हवेची पिशवी असते. शार्कला ती नसते. त्याऐवजी भरपूर तेल असलेलं मोठं यकृत त्याला बुडण्यापासून सावरतं.

आणि ती खरखरीत कातडी? मोरी साफ करताना गरम पाणी ओतून ती घासून काढावी लागते, कारण तिच्यावर अक्षरशः बारीक दात असतात. शार्कच्या खवल्याची रचना आपल्या दातासारखीच असते: आत मऊ गाभा, त्यावर डेंटिन, आणि वर इनॅमलसारखा कडक थर. तोंडातले दात तर रांगेत तयारच असतात. एक पडला की मागचा पुढे सरकतो, आणि हे आयुष्यभर चालतं.

आता 'जुनं व्हर्जन' या गैरसमजाकडे येऊ

शार्कच्या वंशाचा इतिहास 40 कोटी वर्षांहून जुना आहे. डायनोसॉर आले साधारण 23 कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे ते यायच्या खूप आधीपासून हे मासे समुद्रात होते, आणि 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले तरी हे टिकले.

पण जुना वंश म्हणजे मागासलेली रचना नव्हे. 2020 मध्ये मंगोलियात सापडलेल्या एका जीवाश्माचं संशोधन प्रसिद्ध झालं. मिंजिनिया नावाचा हा चिलखती मासा सुमारे 41 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे शार्क आणि हाडवाले मासे वेगळे होण्याआधीच्या शाखेतला. त्याच्या कवटीत आतपर्यंत खरं हाड सापडलं! याचा अर्थ, शार्कच्या पूर्वजांकडे बहुधा हाड होतं आणि पुढे त्यांनी ते सोडलं. आपण कोडमधला जड भाग काढून टाकतो ना, तसंच काहीसं. माझा निष्कर्ष अगदी उलटा निघाला.

नाकावरचा सेन्सर

शार्कच्या तोंडाभोवती बारीक छिद्रं दिसतात. त्यांच्या आत जेलीने भरलेल्या नळ्या असतात, आणि त्या वीज ओळखतात. 1971 मध्ये कॅल्माइन या शास्त्रज्ञाने एक मस्त प्रयोग केला. त्याने एक चपटा मासा अगारच्या पेटीत घालून वाळूखाली लपवला. अगारमधून वीज जाते, पण वास अडतो. तरी शार्कने नेमकी तीच जागा शोधली. पेटीवर प्लॅस्टिकचा पातळ थर टाकून वीज अडवली, तर शार्क शेजारून निघून गेला. शेवटी माशाऐवजी वाळूत नुसते इलेक्ट्रोड पुरले, तर त्यांच्यावरही हल्ला केला!

हा सेन्सर किती संवेदनशील आहे? एका सेंटिमीटरला 5 नॅनोव्होल्ट. म्हणजे 1.5 व्होल्टच्या सेलची दोन टोकं समुद्रात 3,000 किमी अंतरावर ठेवल्यासारखं.

हो, 2014 मध्ये शार्क इंटरनेटची केबल चावतानाचा व्हिडिओ खूप फिरला होता. पण समुद्राखालच्या केबल तुटतात त्या मुख्यतः मासेमारीची जाळी आणि जहाजांच्या नांगरांमुळे. त्यामुळे नेट स्लो झालं तर शार्कला दोष देऊ नका.

कोण कोण आहे या कुटुंबात?

शार्क, पाकट आणि कायमेरा मिळून कूर्चामाशांच्या 1,200 हून जास्त जाती आहेत. ओळखायची सोपी खूण म्हणजे कल्ल्यांच्या फटी. शार्कला त्या बाजूला असतात, दोन्हीकडे 5 ते 7. पाकटाला पोटाकडून असतात. खोल समुद्रातल्या कायमेराला प्रत्येक बाजूला एकच उघडं तोंड असतं. म्हणून करवतीसारखं तोंड असलेला करवत मासा शार्कसारखा दिसला तरी तो पाकटांच्या गटातला. आकार बघाल तर एका हातात मावणारा, सुमारे 20 सेंमीचा शार्कही आहे, आणि 18 मीटरपर्यंत वाढणारा, बारीक जीव गाळून खाणारा व्हेल शार्कही.

मग अडचण काय?

यांची नवीन पिढी फार हळू येते. बऱ्याच जाती उशिरा वयात येतात आणि थोडीच पिल्लं देतात. ग्रीनलंड शार्क तर वयात यायलाच सुमारे 150 वर्षं घेतो. आपली जाळी मात्र दर वर्षी वेगवान होत गेली. 2021 च्या एका अभ्यासानुसार खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या 1970 पासून 71% घटली. भारतात व्हेल शार्कला 2001 पासून कायद्याचं संरक्षण आहे, आणि करवत माशालाही.

सगळ्या जाती सारख्या नाहीत. आपल्या बाजारात बऱ्याचदा दिसणारी टोकदार नाकाची छोटी मुशी इतर शार्कच्या मानाने लवकर वाढते. पण मोठ्या जातींची पिल्लंही 'मोरी' म्हणूनच विकली जातात, आणि कापल्यावर फरक कळत नाही. म्हणून हल्ली मी मासेवाल्या मावशींना आधी विचारतो, "अख्खी दाखवता का?" पिल्लू वाटलं तर त्या दिवशी बांगडा.

तुमच्या गावात मोरीला, पाकटाला काय म्हणतात? कमेंटमध्ये नक्की सांगा!