गाडी वळणावर का कलते?

बैलगाडीत कडबा भरताना आपण काय करतो? पेंढ्या दोन्ही बाजूंना सारख्या रचतो. फार उंच रचत नाही. वरून दोर टाकून आवळतो. का बरे? वळणावर गाडी उलटू नये म्हणून. हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. वाडवडिलांनी करून दाखवले, आपण पाहून शिकलो.

मोटारीलाही हाच नियम आहे. पण मोटार बैलगाडीपेक्षा कितीतरी वेगाने वळते. शिवाय तिच्याखाली पाटे नाहीतर स्प्रिंगा असतात. गाडी डावीकडे वळली की आतली माणसे उजवीकडे रेलतात. गाडीचा सांगाडाही तसाच उजवीकडे झुकतो. उजवीकडच्या स्प्रिंगा दबतात, डावीकडच्या मोकळ्या होतात. यालाच आपण गाडी कलली असे म्हणतो.

आमच्या गावात एक तरुण जीपवाला आहे. तो माझाच विद्यार्थी. बाजाराच्या दिवशी माणसे तालुक्याला नेतो. एकदा तो मोठ्या आनंदात माझ्याकडे आला. म्हणाला, “गुरुजी, शहरातून गाडीला मागे जाड सळी बसवून आणली. आता ती झुकतच नाही. ओढ्याजवळचे वळण चाळीसने घ्यायचो, आता पन्नासने घेतो.”

मी म्हटले, “बाळ, झुकणे थांबले म्हणजे घसरणेही थांबले का?”

तो हसला. “गुरुजी, तुम्ही आम्हाला इतिहास शिकवला. गाडीचे आम्हाला विचारा!”

खरे सांगायचे तर मलाही त्यातले फारसे कळत नव्हते. मी गप्प बसलो.

पंधरा दिवसांनी मृगाचा पाऊस पडला. त्याच वळणावर जीपची मागची बाजू एकदम बाहेर फेकली गेली. गाडी गर्रकन फिरली आणि कडेच्या चारीत गेली. नशीब म्हणून कोणी दगावले नाही. पण मागे बसलेल्या एका म्हातारीचा हात मोडला.

पोरगा मान खाली घालून आला. मग आम्ही दोघे तालुक्याच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी वर उचलली आणि आम्हाला खाली वाकून पाहायला लावले. तिथे जे समजले तेच आता सांगतो.

सळीचे काम

या सळीला इंग्रजीत स्वे बार म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री तिला स्टॅबिलायझर म्हणतात. अशा सळीचे पेटंट १९१९ साली कॅनडातील स्टीफन कोलमन याला मिळाले. आज बहुतेक मोटारींना निदान पुढे तरी ही सळी असते.

ती पोलादाची असते. तीन बाजूंची चौकट जमिनीवर आडवी ठेवावी, तसा तिचा आकार. मधला लांब भाग गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशांत धरलेला असतो. दोन टोके दोन चाकांच्या बाजूंना जोडलेली असतात.

दोन्ही चाके एकदम वर उचलली, तर सळी बुशांत नुसती फिरते. तिला काही काम पडत नाही. पण गाडी कलली की एक चाक सांगाड्याकडे वर येते, दुसरे खाली जाते. मग सळीला पीळ पडतो. ओला पंचा पिळताना आपण दोन हात उलटसुलट फिरवतो ना, तसा. पंचा पिळलेला राहतो. पोलाद मात्र सरळ व्हायला बघते. त्या जोराने गाडीचे कलणे कमी होते.

सळी जितकी जाड, तितका तिला पीळ घालणे कठीण. थोड्या जाडीने फार फरक पडतो. २० मिलिमीटरची सळी काढून तशाच आकाराची २२ मिलिमीटरची बसवली, तर तिचा ताठपणा जवळजवळ दीडपट होतो. २४ मिलिमीटरची बसवली, तर दुपटीहून थोडा जास्त होतो.

योग्य सळीचा फायदा खरा आहे. गाडी स्थिर राहते. स्टिअरिंग फिरवल्याबरोबर गाडी ऐकते. माणसे इकडून तिकडे आदळत नाहीत.

झुकणे गेले, ओझे राहिले

आता खरी गोष्ट ऐका. वळणावर आतल्या चाकांवरचे ओझे बाहेरच्या चाकांवर जाते. किती जाते, ते गाडीचा वेग, भाराची उंची आणि दोन चाकांमधले अंतर यांवर ठरते. सळी जाड केली म्हणून ते ओझे फारसे घटत नाही. सळी फक्त एवढेच ठरवते, की त्यातले किती पुढच्या जोडीने सोसायचे आणि किती मागच्या जोडीने.

हे बैलजोडीवरून समजेल. जोडीतले दोन्ही बैल सारखे ओढतात, तोवर काम चांगले होते. सगळा भार एकाच बैलावर टाकला, तर तो थोडे जास्त ओढतो. पण दुसरा मोकळा राहिला, त्याची भरपाई त्याच्याने होत नाही. टायरचेही तसेच आहे. एका टायरवर दुप्पट ओझे टाकले, तर त्याची रस्त्यावरची पकड दुप्पट होत नाही. म्हणून ज्या जोडीला सळी जाड, तिच्यातल्या बाहेरच्या चाकावर जास्त ओझे पडते आणि त्या जोडीची एकूण पकड घटते.

पुढची सळी जाड केली, तर वेगात पुढची चाके आधी घसरतात. स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ बघते. मागची जाड केली, तर मागची चाके आधी घसरतात आणि गाडी गर्रकन फिरते. पुढची चाके घसरली, तर ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढला की गाडी बहुधा ताळ्यावर येते. मागची घसरली, तर सावरणे फार कठीण. आमच्या पोराने तर मागेच जाड सळी घातली. आणि माणसेही मागेच कोंबली.

वेगाचा हिशोब आणखी कडक आहे. ४० वरून ५० वर गेलो, तर वेग सव्वापट झाला. पण वळणावर बाहेर फेकणारा जोर दीडपटीहून जास्त होतो. पूर्वी गाडी झुकायची, तेव्हा भीती वाटून त्याचा पाय ब्रेकवर जायचा. सळीने ती भीती नाहीशी केली. धोका नाहीसा केला नाही.

आणखी एक तोटा आहे. एक चाक खड्ड्यात गेले की जाड सळी तो हिसका दुसऱ्या चाकालाही देते. खराब रस्त्यावर गाडी डावी-उजवी हादरते.

अमेरिकेतील एक गाडी

१९६० सालच्या सुमारास अमेरिकेत शेवरोले कंपनीने कॉर्व्हेअर नावाची मोटार काढली. तिचे इंजिन मागे होते. म्हणून मागची बाजू जड. पहिल्या काही वर्षांत तिला पुढची सळी नेहमीसाठी दिलेली नव्हती. १९६४ सालच्या गाड्यांना ती दिली, आणि मागे एक आडवा पाटाही घातला. सळी पुढे दिली, मागे नाही, हे ध्यानात घ्या. मागच्या चाकांचे काम हलके करायचे होते.

१९६५ साली राल्फ नेडर यांनी पुस्तक लिहून जुन्या कॉर्व्हेअरवर कडक टीका केली. देशभर चर्चा झाली. १९६६ साली तिथे मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. पुढे १९७२ साली सरकारी अहवालात असे म्हटले, की ती गाडी त्या काळच्या तशाच इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. वाद राहिला. पण एका सळीचा प्रश्न किती माणसांच्या जिवाशी जाऊन भिडतो, ते सर्वांना कळले.

मग काय करावे?

गाडी फार कलू लागली, तर आधी टायरची हवा तपासा. हवा किती हवी, ते बऱ्याच गाड्यांत चालकाच्या दाराजवळ लिहिलेले असते. आता आपल्याला वाचता येते. स्वतः वाचा.

नंतर सळीचे रबरी बुश पाहा. ते झिजले की खालून खडखड आवाज येतो आणि सळी ढिली पडते. पुष्कळदा नवे बुश बसवले की काम होते. शॉकॲब्सॉर्बर गळतो का, तेही पाहा.

टपावर ओझे चढवू नका. जड सामान खाली ठेवा. वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात शिरल्यावर नाही.

एवढे करूनही सळी बदलायची असेल, तर पुढची आणि मागची यांचा मेळ जाणणाऱ्या मिस्त्रीला विचारा. नुसती मागची जाड करू नका.

आमच्या जीपवाल्याने ती सळी काढून टाकली. पुढच्या सळीचे बुश पार झिजले होते, ते नवे बसवले. म्हातारीच्या औषधपाण्याचा खर्चही त्याने दिला. तिचा हात आता बरा आहे. ती त्याच जीपने बाजाराला जाते. ओढ्याजवळचे वळण आले की मागून ओरडते, “पोरा, हळू रे!” आणि तो गाडी हळू करतो.