उतारावर ट्रक सुटतो? आधी ड्रॅग ब्रेक बघा

चिखलीहून बोलतोय. ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी तो इथं लिहून टाकलाय.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच: "भाऊ, ट्रिगर सोडला की आरसी ट्रक उतारावरून गडगडत खाली जातो. ब्रेक वाढवू का?"

बहुतेक वेळा उत्तर असतं, नको. कारण आपल्या ट्रकला ब्रेक दोन असतात. एक, तुम्ही ट्रिगर पुढं ढकलल्यावर लागतो तो. दुसरा, ट्रिगर नुसता सोडला की आपोआप लागतो तो. त्याला म्हणतात ड्रॅग ब्रेक. उतारावर ट्रक धरतो तो हा दुसरा.

बुलढाण्याहून मोताळ्याकडं राजूर घाट उतरताना भरलेला ट्रक कुणी शहाणा ड्रायव्हर न्यूट्रलमध्ये सोडत नाही. खालच्या गिअरमध्ये ठेवतो, इंजिनच गाडीला मागं ओढतं. ड्रॅग ब्रेकचं काम तेच.

आता हा लागतो कसा? इलेक्ट्रिक आरसी ट्रकच्या चाकाला ब्रेक पॅड नसतात, ब्रेक मोटरच लावते. बंद पडलेल्या खेळण्यातली छोटी मोटर काढा आणि तिचा दांडा बोटानं फिरवा. मग तिच्या दोन वायरी एकमेकींना जोडून परत फिरवा. जड लागेल! फिरणारी मोटर वीज तयार करते आणि वायरी जोडल्या की तीच वीज मोटरला अडवते. ईएससी, म्हणजे बॅटरी आणि मोटरच्या मधली ती छोटी डबी, हेच जोडणं-सोडणं सेकंदाला हजारो वेळा करते. त्यातला किती वेळ जोडलेलं ठेवायचं, ती टक्केवारी म्हणजे तुमचं सेटिंग.

यातून एक गोष्ट निघते. मोटर जितकी हळू फिरेल, तितकी वीज कमी आणि पकडही कमी. म्हणून साधी ब्रश्ड मोटर १०० टक्क्यांवरही खड्या चढणीवर मुंगीच्या पावलानं खाली सरकू शकते. तो बिघाड नाही, ईएससी बदलायला धावू नका.

सेटिंग करताना पहिल्यांदा न्यूट्रल. रिमोटवरचा थ्रॉटल ट्रिम थोडा जरी सरकलेला असला, तरी ट्रिगर सोडलाय हे ईएससीला कळत नाही आणि ड्रॅग ब्रेक नीट लागत नाही. ट्रिम मध्यावर आणा, मग ईएससी कॅलिब्रेट करा. निम्म्या तक्रारी माझ्या मते इथंच मिटतात.

मग ड्रॅग ब्रेक. दगडांवर चढणारा क्रॉलर असेल तर सरळ १०० च्या आसपास ठेवा. मैदानात पळवायचा ट्रक असेल तर शून्यापासून सुरुवात करून ५-५ टक्क्यांनी वाढवत जा. जास्त झाला की वळणावर ट्रिगर सोडताच वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात आणि ट्रक गिरकी घेतो. उडीत तर आणखी मजा: हवेत ट्रिगर सोडला की नाक खाली!

ट्रिगरचा ब्रेक ५० टक्क्यांवर ठेवून, जिथं चालवणार तिथंच तपासा. सिमेंटवर जमलेला ब्रेक मुरमावर चाकं लॉक करतो. चाकं लॉक होऊन घसरली तर कमी करा.

मोड पण बघा. ब्रेक न लावता थेट रिव्हर्स घेणारा मोड क्रॉलरसाठी असतो. वेगानं पळणाऱ्या ट्रकला तो लावला तर प्लॅस्टिकच्या स्पर गिअरचे दात जातात, आणि मला तरी इथं तो गिअर कुरिअरनंच मागवावा लागतो.

एवढं झालं की फेलसेफ, आणि हे टाळू नका. सिग्नल तुटल्यावर काय करायचं, हे रिसीव्हरला आधी सांगून ठेवावं लागतं. ट्रक डब्यावर ठेवा, चाकं अधांतरी. थोडा थ्रॉटल द्या आणि ट्रिगर धरूनच रिमोट बंद करा. चाकं लगेच थांबली पाहिजेत. फिरतच राहिली तर रिसीव्हरचं मॅन्युअल उघडून थ्रॉटलचा फेलसेफ न्यूट्रलवर किंवा ब्रेकवर सेट करा. तोवर तो ट्रक गल्लीत, पोरासोरांमध्ये काढायचा नाही.